घ्यायला नाय, बघायला

गेल्या महिन्यात मी नवरदेवाचा फेटा विकत घेतला. तयार, शिवलेला, मोतिया रंगाचा. पुढं कलगी, मागं हातभर लोंबणारा शेमला. आमच्या घरात लग्नाचं कुणी नाही. एकुलती एक मुलगी बंगळुरूला असते आणि लग्नाचा विषय काढला की तिचं नेटवर्क जातं. माझं स्वतःचं लग्न होऊन इतका काळ लोटलाय की अल्बममधल्या माझ्या फेट्याचा रंगसुद्धा आता ओळखू येत नाही.

झालं असं, की मिक्सरचं भांडं दुरुस्तीला घेऊन मी सकाळीच शहागंजात गेलो होतो. दुरुस्तीवाला म्हणाला, तासाभरानं या. ऊन असलं की सावलीलाही घाम फुटावा. समोर एका दुकानात पंखा फिरताना दिसला म्हणून आत शिरलो. दुकान लग्नाच्या कपड्यांचं आहे हे आत गेल्यावर कळलं. मालकानं नुकतीच उदबत्ती लावली होती. त्यानं मला बसायला गादी दिली, गार पाण्याचा ग्लास दिला, आणि मी तो ग्लास रिकामा करतोय तोवर म्हणाला, "या साहेब, आज तुमच्याच हातची बोहनी."

संपलं. बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं तर त्या दुकानाचा अख्खा दिवस खोटा जातो, हे बाजारात सगळे मानतात. वर मी पाणी प्यालेलो. त्या दुकानात मला उपयोगी पडेल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे पंखा, आणि तो विकायला नव्हता.

तसा हा आजार घराण्यातला आहे. आमच्याकडं आधी भिक्षुकी, नंतर कारकुनी. दोन्हीकडं लोक आपल्यासमोर येऊन बसतात. आपण कुणापुढं बसून 'हे दाखवा, ते दाखवा' म्हणायचं वळण आमच्या जिभेला नाही. माझे वडील एकदा चपलेचा अंगठा शिवून आणायला गेले आणि बूट घेऊन आले. तेही घट्ट, कारण दुसरा जोड काढायला सांगणं त्यांच्या जिवावर आलं. मी एवढा भोळा नाही. मी खोटं बोलतो. 'घरी विचारून येतो', 'गाडी चुकीच्या जागी लावलीय', आणि फारच अडकलो तर न वाजलेला फोन कानाला लावून 'हो हो, निघालोच' म्हणत पायऱ्या उतरतो. त्या दिवशी फोन घरी विसरलो होतो.

फेटा घेऊन घरी आलो. मिक्सरचं भांडं शहागंजातच राहिलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खिडकीशेजारच्या पलंगावर असते. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते, दारापर्यंत जाते, परत येते. तिनं फेटा हातात घेतला, फिरवून पाहिला, बँडेज बांधलेल्या गुडघ्यावर अलगद ठेवला. मग ती जे बोलली ते कळायला आमच्या जुन्या घरमालकांना ओळखावं लागेल. त्यांच्याशिवाय ते नुसतंच बायकोचं बोलणं वाटेल.

लग्नानंतर आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मालक मूळचे बिडकीनकडचे शेतकरी. काकूंना संधिवातानं धरलं, दवाखाने शहरात, म्हणून जमीन बटईनं लावून दोघं इथं आली. आम्ही त्यांना काका-काकू म्हणायचो. काका मला 'सायेब' म्हणायचे. त्यात मान किती आणि मस्करी किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मी भाड्याच्या बाबतीत कधी चुकलो नसल्यानं मान थोडा असावा.

शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. जालना रोडला आज शेत दिसलं तिथं परवा काचेचं दुकान. उद्घाटनाच्या कमानी उतरवायला माणसं मिळत नव्हती. आणि त्याच वर्षांत पावसानं तोंड फिरवलेलं. नळाला पाणी येणार म्हणजे सण. पाहुणे येणार असले की आधी विचारायचे, 'तुमच्याकडं पाण्याचा दिवस कोणता?' आमच्या घराला मात्र काकांचं बोअर होतं. गोड पाणी. गल्लीतल्या बायका नुसत्या वरणासाठी तांब्याभर मागून न्यायच्या, कारण त्या पाण्यात डाळ शिजायची.

रोज चार वाजले की काका तयार. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, आणि हातात फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून बंद होतो तो, पूर्वी लोक प्रवासाला न्यायचे तसला. तांब्यात बोअरचं पाणी, वरून ओलं फडकं गुंडाळलेलं, खिशात छोटं फुलपात्र. असे ते निघायचे, ते बाजार बघायला.

बाजार करायला नव्हे, बघायला. दुकानाच्या पायरीशी थांबून आधी विचारायचे, "बोहनी झाली का?" झाली नसेल तर बाहेरच बसून राहायचे, कितीही वेळ लागो. झाली असेल तर चपला काढून आत. मग स्वच्छ आवाजात, चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं, "राम राम. घ्यायला नाय, बघायला आलो. हात मोकळा असंल तर दाखवा, नसंल तर बसतो." आणि दुकानदार काही बोलायच्या आत फुलपात्र भरून त्याच्या हातात. "घ्या. घसा ओला करा."

दुष्काळात, दिवसभर बोलून घसा कोरडा पडलेल्या माणसाला कुणी घरचं गोड पाणी आणून देतंय म्हटल्यावर तो काय नाही म्हणणार? लोक वाट बघायचे त्यांची. मी येता-जाता स्वतः पाहिलंय, भांड्यांच्या दुकानातला खडूस शेठ पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला 'जरा थांबा' म्हणून काकांना नवा पितळी डबा दाखवत होता.

मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. एकदाच, कारण तेवढ्यात संकोचाच्या घामानं माझा शर्ट भिजला. जालना रोडचं नवं काचेचं दुकान. आत गारवा. गणवेशातली एक पोरगी पुढं आली. "काय दाखवू सर?"

"काय घ्यायचं नाय बाई. बघायचंय. बोहनी झाली का तुमची?"

तिला बोहनी माहीत नव्हती. ती आत जाऊन विचारून आली. "झाली म्हणाले."

"मग बरं. सकाळपासून उभीच हाईस का?"

"बसायला परवानगी नाही आजोबा."

काकांनी फुलपात्र भरलं. पोरीनं इकडंतिकडं बघितलं आणि एका दमात पाणी संपवलं. मग तिनं सोफे दाखवले, पडदे दाखवले, कळ दाबली की उघडणारं कपाट तर स्वतःहून दोनदा दाखवलं. मी दाराजवळ उभा राहून किमतीच्या चिठ्ठ्या वाचत सगळ्यात स्वस्त काय आहे ते शोधत होतो. शेवटी एक पायपुसणं उचललं.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पायपुसणं कशाला?"

"बरं दिसत नाही ना काका, काहीच न घेता..."

"काहून? लाज न घेण्याची नसती सायेब. लाज खोटं बोलण्याची. तुमी 'येतो परत' म्हणता, त्यो बिचारा वाट बघतो. मी म्हणतो घेत नाय, त्यो मोकळा, मी मोकळा." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "आन ध्यानात ठिवा, घेणारा एकदाच घेतो. बघणारा रोज घेतो."

हे वाक्य त्यांचं आवडतं होतं. मला तेव्हा ते फुकट्या माणसाचं तत्त्वज्ञान वाटलं असतं. पण संध्याकाळी भिंतीपलीकडं काय चालतं हे आम्हाला ठाऊक होतं.

त्यांची निजायची खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांत एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची, पातळ. दिवेलागणीला काका परत येत, पाय धुवत, आणि काकूंच्या पलंगाशेजारी स्टूल ओढल्याचा आवाज येई. मग बाजार मांडला जाई.

"आज काय आलतं?"

"आज शहागंजात मियाँच्या दुकानात नवं गठ्ठं फुटलं. एक पातळ होतं, वांग्याच्या फुलाच्या रंगाचं."

"वांग्याचं का वांग्याच्या फुलाचं?"

"फुलाचं गं. फिकं. काठ बोटाएवढा, त्यात मधी मधी जोंधळ्याएवढी बुट्टी."

"जड का हलकं?"

काका कापडाला कधी तळहात लावत नसत. तळव्याला वखराचे घट्टे, रेशमाला लागले तर धागा ओढला जाई. ते हाताच्या पाठीनं कापड बघत. आणि घरी आल्यावर तीच हाताची पाठ काकूंच्या मनगटावरून फिरवून सांगत, "आसं होतं. इतकं मऊ." हे आम्हाला भिंतीतून दिसत नव्हतं, पण एकदा बायको वाटीभर आमटी द्यायला गेली तेव्हा तिनं पाहिलं. ती वाटी तशीच घेऊन परत आली. म्हणाली, "नंतर देईन."

काकू लग्न होऊन आल्या त्या शेतावर. शहागंज त्यांनी एकदा पाहिलं होतं, नवी नवरी असताना, आणि तेही बैलगाडीतून, घाईत. शहरात राहायला आल्या तेव्हा गुडघ्यांनी जागा सोडली होती. बाजार हाकेच्या अंतरावर आणि त्यांना न्हाणीघर लांब.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही, आणि एका सकाळी बोअरच्या मोटरनं नुसती हवा ओढली. काका दिवसभर त्या पाइपाशेजारी बसून होते. मोटर चालू करायचे, कान लावायचे, बंद करायचे.

त्या दिवशी चार वाजले तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तांब्या पालथा घालून ठेवलेला. मी म्हटलं, "काका, टँकरचं पाणी न्या की."

"टँकरचं? ते मी उकळून पितो. दुसऱ्याला पाजू का?"

"मग तसेच जा. ओळखीची दुकानं आहेत. कोण पाणी मागतंय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ज्या माणसानं मला भर रस्त्यात न लाजण्याचा धडा दिला होता, तो खाली बघून म्हणाला, "रिकाम्या हातानं कसा जाऊ सायेब? माणसाचा येळ घ्यायचा, माल उलगडायला लावायचा, आन काय द्यायचं?"

माझ्याच घराण्याचा आजार त्यांना झालेला पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना तरी तो शोभत नव्हता.

संध्याकाळी स्टूल मात्र ओढलं गेलं. काका घरातूनच बाजार सांगू लागले. "आज एक पातळ आलतं, डाळिंबी..."

"काठ कसा?"

"काठ... मोराचा."

काकू म्हणाल्या, "हे परसालचं हाय. तवा तुमी निळं म्हणला व्हता. रंग बदलून तेच सांगायलात."

"व्हय का? इसरलो आसंन."

"ऱ्हाऊ द्या. शिळा बाजार कशाला मांडता?"

त्यानंतर भिंत गप्प झाली. काकू जेवेनाशा झाल्या. डॉक्टर येऊन गोळ्या बदलून गेले. बायको मला म्हणाली, "गोळ्यांनी काय होणार? तुम्ही शहागंजात जाऊन त्या मियाँना सांगा."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

मी गेलो. आधी एक टॉवेल घेतला, मग तोंड उघडलं. मियाँ म्हणजे दाढी मेंदीनं रंगवलेले, बोलता बोलता ठाण गुंडाळायची सवय असलेले कापड व्यापारी. त्यांनी मलाच विचारलं, "काका कू क्या हुआ? बीमार है क्या?"

म्हटलं, "काका बरे आहेत. बोअर आटलं. पाणी नाही म्हणून येत नाहीत."

"पानी नै करके नै आते? ये क्या बात हुई?"

मग मी काकूंचं सांगितलं. पलंग, स्टूल, वांग्याच्या फुलाचा रंग, सगळं. मियाँचे हात थांबले. अर्धं गुंडाळलेलं ठाण तसंच मांडीवर राहिलं. "मैं समझा था, बुड्ढे कू शौक है," ते म्हणाले. "मैं तो कभी कभी जल्दी में दिखाता था. ऊपर ऊपर से."

शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असे. त्या शुक्रवारी दुपारनंतर आमच्या दारात रिक्षा थांबली. आतून आधी गठ्ठा उतरला, मग मियाँ. ओट्यावर बसलेले काका उठून उभे राहिले आणि टोपी सारखी करू लागले.

"काका, तुम आते नै करके मैंच आ गया," मियाँ म्हणाले. "देने कू नै आया. दिखाने कू आया. टाइम है क्या?"

काकूंच्या पलंगावर गठ्ठा सोडला. खोलीत नव्या कापडाचा वास भरला. मी आणि बायको दाराशी. मियाँ एकेक पातळ उलगडून काकूंच्या पायांवर पसरत होते, रंगावर रंग, तो पलंग दिसेनासा झाला. काकूंनी वाकडी झालेली बोटं पुढं केली आणि मग उलटी करून, हाताच्या पाठीनं, कापडावरून फिरवली. नवऱ्यासारखीच.

"ते हिरवं गेलं का?" त्यांनी विचारलं.

"कौनसा चाची?"

"वरच्या फळीवरचं. दिवाळीच्या आधी आलतं. रावा उडताना पंखाच्या आत दिसतो, तसलं हिरवं."

मियाँ आठवत राहिले. मग हसले. "हौ हौ. वो गया चाची. जालने के लोगाँ ले गए. बेटी की शादी थी."

"पोरगी गोरी व्हती का सावळी?"

"साँवली."

"मग चांगलं झालं. सावळीलाच खुलंल ते," काकू म्हणाल्या आणि उशीला टेकल्या. एखादी लेक चांगल्या घरी पडली असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

इथं मी घाण केली. माणूस रिक्षा करून, गठ्ठा वाहून आलाय, सगळा माल उलगडलाय आणि कुणी काही घेत नाहीये, हे मला सहन होईना. माझा हात आपोआप पाकिटाकडं गेला. म्हटलं, "ते जांभळं केवढ्याला..."

"सायेब," काका म्हणाले, "हात काढा खिशातून."

मियाँनी माझ्याकडं मान वळवली. अगदी प्रेमानं म्हणाले, "भाई, आज लेने का दिन नै है."

बायको आत गेली आणि पाण्याच्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं पाणी घेऊन आली; घरातला एकुलता नळ आमच्या खोल्यांत होता. काकांनी ग्लास घेतला नाही. पालथा तांब्या उचलला, आधी विसळला, त्यात ते पाणी ओतून घेतलं, झाकण फिरवून लावलं, परत उघडलं, आणि फुलपात्र भरून मियाँपुढं धरलं. "आमचं नाय," ते म्हणाले. "भाडेकरूचं हाय."

मियाँ सावकाश प्याले. "पानी पानी है काका. कल से आओ."

दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला बायको तांब्या भरून द्यायची. काका प्रत्येक दुकानात प्रामाणिकपणे सांगायचे, "भाडेकरूचं पाणी हाय बरं का." त्यामुळं शहागंजात माझी जी काही ओळख झाली ती एवढीच.

काकू त्यानंतर दोन दिवाळ्या राहिल्या. पाऊस त्या गेल्यावर आला. बोअरला पाणी चढलं, गल्लीतल्या बायका परत तांब्या घेऊन येऊ लागल्या, आणि काका, आम्हाला वाटलं होतं आता बसतील, तर चार वाजता निघाले. संध्याकाळी पाय धुतल्याचा आवाज आला. स्टूल ओढलं गेलं. बायकोनं गॅस बारीक केला.

"आज मियाँकडं एक पातळ आलतं," भिंतीपलीकडून आवाज आला. "कोवळ्या आंब्याच्या पानाचा रंग. तांबूस." पुढं बराच वेळ काही नाही. विचारणारं कुणी नव्हतं ना. सांगणाऱ्याला मधून मधून कुणी तरी अडवावं लागतं.

मी भिंतीकडं बघत उभा. मला नेहमीप्रमाणं काय करावं ते सुचेना. बायको भिंतीजवळ गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, काठ कसा होता?"

मग स्टूल आमच्या बाजूला सरकल्याचा आवाज आला. "काठ व्हय? काठ नुसता रेघेचा, पोरी. दोनच रेघा. पर एक रेघ जरा हललेली."

पुढं आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये गेलो. बिडकीनची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, उस्मानपुऱ्याचं घर विकलं, काका भावाच्या मुलांकडं गेले आणि तिथंच संपले. घराच्या जागी आता काचेचं दुकान आहे. आत जाताना दार आपोआप उघडतं, कुणी विचारत नाही, कुणी दाखवत नाही, हवा तेवढा वेळ फिरा. माझ्यासारख्यासाठी सोय झाली म्हणायची. मी आत गेलो की आमचं स्वयंपाकघर कुठं असेल याचा अंदाज घेत उभा राहतो. ती भिंत बहुतेक बेल्ट लटकवलेत तिथं होती. तिकडं शहागंजात मियाँच्या दुकानाच्या ओळीत मोबाइलची कव्हरं मिळतात.

तर तो फेटा. बायकोनं तो गुडघ्यावर ठेवला. मला वाटलं आता किंमत विचारेल, किंवा मिक्सरचं भांडं. तिनं कलगी हाताच्या पाठीनं जरा कुरवाळली आणि म्हणाली, "बरं, हे राहू द्या. दुकानात आणखी काय काय होतं?"

मी आठवून पाहिलं. पंखा आठवला. पाण्याचा ग्लास आठवला. म्हटलं, "मी खाली मान घालून होतो गं."

तिनं फेटा उचलून उशाशी ठेवला. मग म्हणाली, "भांडं आणायला उद्या जायचंच आहे ना. मग त्या दुकानातही जा, बोहनी झाल्यावर. सगळ्या फळ्या नीट बघा, वरची पण. आणि जाताना पाणी घेऊन जा, अहो. रिकाम्या हातानं जाऊ नका."